तुर्कस्तानच्या दाताची पडताळणी

...नाई, मी म्हनतो, मानूस रिटायर झाला का त्याले सोडा न एकदाचं. एकतीस वर्षं कचेरीत दाखल्याच्या पडताळणीचं टेबल सांभाळलं, चष्म्याचा नंबर चार डाव बदलला, मान आखडली, अन् आता सावली गावात घर बांधून ओसरीवर बसलो, त हाये का चैन? सकाळी चहाचा कप उचलला नाई का दारात कोनी ना कोनी उभा. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. "नागसेनभाऊ, जरासं पाहून देता का?" कोनाच्या होनाऱ्या जवायाची मार्कलिस्ट, कोनाच्या ट्रॅक्टरचं आरसी बुक, अन् एकानं त तुमाले सांगतो, बैलाच्या कानातला बिल्ला आनला होता. म्हने, भाऊ, हा नंबर असली हाये का पाहा. अरे बापा, मी कागद पाहतो, कान नाई पाहत. पन पाह्यला मी तो बी. सवय वाईट.

अन् चूक माह्यीच हाये, दुसऱ्या कोनाची नाई. नोकरीले नवीन होतो तवाची गोष्ट. एक साहेब होते, नाव नाई घेत, आता ते नाई राह्यले. दौऱ्यावर जाच्या आधी कोऱ्या कागदायवर सह्या करून ठेवत, म्हनजे मांगं काम अडू नाई. सही असली. शिक्का असली. अन् वरचा मजकूर? तो लिवे ज्याच्या हाती कागद पडन तो. असा एक दाखला आला माह्या टेबलावर, मी सही पाह्यली, बरोबर, शिक्का पाह्यला, बरोबर, केला पास. मंग ते निस्तरता निस्तरता माह्ये दीड वर्ष गेले अन् डोक्याचे केस गेले ते वेगळेच. तवापासून मी कोनताही कागद आला का एकच विचारतो, सही कोनाची, अन् हात कोनाचा? साऱ्या तालुक्यात माह्यं तेच नाव पडलं. मी रस्त्यानं चाललो का पानठेल्यावरचे म्हनते, "तो पाहा, सही कोनाची आला."

हासू नका. माह्या बापानं जिंदगीभर अंगठा मारला. कशावर मारून राह्यलो ते त्याले कोनी वाचून दाखवलं नाई. मी घरातला पह्यला सही करनारा. तवा मले सहीची किंमत हाये, अन् कोनी त्याची थट्टा केली का मले लागते, हे सांगून ठेवतो. त जाऊ द्या. मी सांगत होतो ते संघप्रियाचं.

संघप्रिया म्हनजे माह्या बहिनीची, सीताची पोरगी. कृषी सहायक हाये, चामोर्शीकडे पोस्टिंग. हुशार पोट्टी. धानाच्या रोवन्यावर बोलाले लागली का म्हातारे शेतकरी बी बांधावर खाली बसून ऐकते. पन बोलते कशी? दुपट्टा तोंडाले बांधून. आता उनाचा दुपट्टा मी समजू शकतो, पन ही पोरगी श्रावणात बी बांधते, घरात बी बांधते, लग्नाच्या फोटोत बी बांधते. अन् कधी हासू आलंच त दुपट्ट्यावरून बी हात. काऊन? त दात.

आमच्या मूळ गावच्या बोअरच्या पान्यात फ्लोराईड हाये. साऱ्या गावाचे दात पिवळे, त्यावर तपकिरी पट्टे. गावात कोनाले काही वाटत नव्हतं, सगळ्यायचेच तसे, त कोन कोनाले हासन? पोरगी अकोल्याले शिकाले गेली तवा तिले समजलं का दात पांढरे बी राह्यते. तवापासून हात जो तोंडावर गेला, तो खाली आलाच नाई.

अन् यंदा झालं काय, खोडकिडीवर काय फवारावं याचा तिचा व्हिडिओ काढला हपिसानं. म्हने, म्याडम, दुपट्टा काढा, चेहरा दिसला पाह्यजे. तिनं काढला. चांगलं बोलली. मी तीन डाव पाह्यला. अन् खाली एकानं लिवलं, "म्याडम, पह्यले सोताच्या दातावर फवारा." त्याले दीडशे लोकायनं हासरे तोंडं देल्ले. तुमाले सांगतो, मले असा राग आला का मी त्या मानसाचं नाव-गाव शोधाले बसलो. पन त्यानं फोटो लावला होता वाघाचा. आता आपल्या इकडे अर्ध्या लोकायचा फोटो वाघाचाच राह्यते, कोन्या वाघाले पकडू?

आठ दिवसांनी पोरगी माह्या ओसरीवर आली. "जयभीम, मामाजी." मी म्हनलं, जयभीम, बस. बसली अन् म्हने, "मामाजी, मी दात करून घेते." मी म्हनलं, घे न, कुठी? म्हने, "तुर्कस्तानले." मी कप खाली ठेवला. अवं पोरी, मी चष्मा कराले नागपूरच्या पुढं गेलो नाई कधी, अन् तू दाताले तुर्कस्तान काढून राह्यली? तिनं मोबाईल पुढं केला. पाच दिवसात वीस दात. विमानतळावर गाडी घ्याले येते, हॉटेल त्यायचंच, खिडकीतून समुद्र दिसते. दात कराले समुद्र कायले पाह्यजे, हे मले अजून समजलं नाई. म्हने, "मामाजी, मले तुमच्याशिवाय कोनाचा भरोसा नाई. तुमी कागद पाहा. तुमी 'बरोबर' म्हनलं का मी तिकीट काढते."

झालं. आली माह्या गळ्यात.

आता ही गोष्ट घरातल्या घरात राह्याले पाह्यजे का नाई? पन शेजारी राह्यते ठमाबाई. सीतानं तिले सांगतलं, पोरगी फारेनले जाते दात कराले. ठमाबाईचा डावा कान बंद, अन् उजव्या कानाले टीव्ही चालू. तिनं ऐकलं फारेस. आता आपल्या इकडे फारेस म्हनलं का एकच, जंगल खातं. दोन दिवसात साऱ्या मोहल्ल्यात झालं, सीताच्या पोरीचे दात फारेसवाले करून देऊन राह्यले. कोनी म्हने सागाचे बसवते, टिकते चांगले. कोनी म्हने नवीन योजना हाये, फारम कुठी भेटते? अन् तिसऱ्या दिवशी पत्रू दारात. पत्रू म्हनजे आमचा वनरक्षक, भला मानूस, बोलते कमी. गाडी उभी केली अन् म्हने, "भाऊ, लाकडाच्या डिपोत लोकं येऊन राह्यले दात इचाराले. मी काय सांगू?" मी कपाळाले हात लावला. म्हनलं, सांग, सध्या बंद हाये. त्यानं टोपी काढली, अन् म्हने, "चालू झालं त माह्या आजीचं नाव लिवून घ्या. तिचे दोनच उरले."

आता सांगा, मी पडताळणी करू का आजीचं नाव लिवून घेऊ?

त इकडे तुर्कस्तानच्या क्लिनिकवाल्यायचे फोन चालू झाले. "नमस्ते सर, मैं चंचल बोल रही हूँ, आपकी स्माइल पार्टनर." मी म्हनलं, बाई, मी नागसेन, रिटायर मानूस, मले कोनाची पार्टनरशिप नाई पाह्यजे, डॉक्टरचा दाखला पाह्यजे. "बिल्कुल सर, अभी भेजती हूँ सर." पाठवला. सोन्याची किनार, वर पंख पसरलेला पक्षी, अन् मोठ्या अक्षरात इंटरनॅशनल. तुमाले सांगतो, इंटरनॅशनल लिवलं का मले पह्यले शंका येते. असली दाखल्यावर तालुक्याचं नाव राह्यते. मी भिंग घेतलं, खाली बारीक अक्षरात दाखला देनाऱ्या संस्थेचा फोन नंबर होता, तो पाह्यला, अन् क्लिनिकचा नंबर पाह्यला. एकच. म्हनजे पोराची मार्कलिस्ट बापानंच छापली. मी विचारलं, बाई, हे काय? म्हने, "सर, वो तो हमारा इन-हाउस अवॉर्ड है." इन-हाउस. मंग आमच्या घरी बी मीच लावतो एक, उत्तम मामा म्हनून.

मी म्हनलं, अवॉर्ड राहू द्या भिंतीवर. त्या देशात दाताच्या डॉक्टरायचं रजिस्टर असन का नाई? त्यातला नंबर सांगा. "सर, आज तक किसी ने नहीं पूछा." मी म्हनलं, मी विचारून राह्यलो. चार दिवस घेतले, पन देल्ला नंबर. मंग संघप्रियानं मोबाईलवर भाषा पालटून तिकडच्या डॉक्टरायच्या संस्थेले मेल केला, मी मजकूर सांगत गेलो, ती लिवत गेली. "उपरोक्त विषयान्वये" याले तुर्की भाषेत काय म्हनते ते देव... नाई, ते मोबाईलच जाने. बारा दिवसांनी उत्तर आलं. डॉक्टर असली. नाव असली, नंबर असली, शिक्षन असली, कोनती तक्रार नाई.

मी तीन डाव वाचलं. खोट काढाले जागाच नाई. चष्मा पुसला अन् सवयीनं तोंडातून निघून गेलं, "बरोबर आहे." पोरगीचे डोळे असे चमकले का काय सांगू. म्हने, "शुक्रवारी तिकीट काढते, मामाजी." गेली बी. कागद सगळे बरोबर, अन् जीव मानत नाई. दोन दिवस जेवन गोड लागलं नाई. कोनाले सांगू? एकतीस वर्षाचा मानूस, त्याले कागद खरा निघाला म्हनून झोप नाई, ऐकून लोकं काय म्हनन?

बुधवारी गेलो पोचूच्या दुकानात दाढी कराले. पोचूचं नाव मोठं हाये इकडे, बोर्डवर त्याचा फोटो बी हाये कैची घेऊन. मी डोळे मिटून बसलो, अन् वस्तरा लागला न कानाखाली, चर्रकन. डोळे उघडून पाहतो त पोचू तिकडे बाकड्यावर पेपर वाचून राह्यला अन् माह्या गालावर त्याचा साळा. मी म्हनलं, पोचू, हे काय बे? म्हने, "बोर्ड माह्याच हाये न भाऊ, तो शिकून राह्यला." अन् तुमाले सांगतो, मी खुर्चीतून उठलो. अर्धा गाल फेसाचा, अर्धा रक्ताचा, गळ्याले कापड तसंच, निघालो रस्त्यानं. एकतीस वर्षं साऱ्या जगाले विचारलं, सही कोनाची, हात कोनाचा, अन् सोताच्या भाचीच्या वक्ताले फक्त सही पाहून पास केलं.

घरी आलो, संघप्रियाले बलावलं, फोन लावला, आवाज मोठा केला. "नमस्ते सर, मैं चंचल..." मी म्हनलं, माहीत हाये. बाई, तुमचा डॉक्टर असली हाये, मले मान्य हाये. पन माह्या पोरीच्या तोंडात हात कोनाचा जाईन? "सर, डॉक्टर साहब पूरा प्लान बनाते हैं." प्लान राहू द्या, हात कोनाचा? "सर, हमारी टीम है." टीम म्हनजे कोन? नाव काय? "टेक्निशियन हैं सर, बहुत एक्सपीरियन्स्ड." त्यायचा दाखला? तिकडून कागद चाळल्याचा आवाज आला. मी म्हनलं, बरं, वीस दात करते म्हनजे काय करते? "सर, नेचुरल दाँत थोड़ा घिसते हैं, फिर ऊपर कैप बैठाते हैं." थोडं म्हनजे केवढं? मंग हळूच म्हने, "काफी घिसते हैं सर." अन् घासलेला दात वापस येते का? "वापस तो नहीं आता सर." अन् इथी आल्यावर ठनकाले लागला त? "वीडियो कॉल पर देख लेंगे सर." म्हनजे हिरडी सुजली त मोबाईल गालाले लावून बसाचं का?

तुमाले सांगतो, तिचे दात दिसाले वाईट हाये, पन मजबूत कसे! ही पोरगी अजून ऊस दातानं सोलते. असे वीस धडधाकट दात कोन्या बिननावाच्या मानसानं कानसीनं घासाचे, अन् मंग जिंदगीभर टोप्या सांभाळाच्या.

चंचलचा आवाज खाली गेला. म्हने, "अंकल, सच बोलूँ? मैं खुद कभी गई नहीं वहाँ. मैं तो रायपुर में बैठती हूँ. सुबह एक कागज देते हैं, वही पढ़ती हूँ दिनभर." आता या पोरीवर काय रागवू? ते बी दुसऱ्याचंच लिवलेलं वाचून राह्यली. आवाजावरून थकली वाटली. मी बी थकलो होतो. मंग मी म्हनलं, बाई, जेवली का? म्हने, "नहीं अंकल." म्हनलं, जेवून घ्या, अन् ठेवला.

मले वाटलं भाची म्हनन, मामाजी, वाचवलं. काई नाई. दुपट्टा उचलला, तोंडाले बांधला, गाठ मारली. अन् दुपट्ट्याच्या आतून म्हने, "मामाजी, तुमी जिंदगीभर लोकायच्या कागदातली खोट काढली. माह्या तोंडातली खोट कोन काढन?" गेली निघून. वरून सीता येऊन बोलून गेली, "भाऊ, तुह्या कागदापायी पोरगीचं हासू राह्यलं." आता मी काय केलं? सांगा न, मी काय केलं? बरोबर म्हनलं तरी मीच खराब, चूक म्हनलं तरी मीच खराब. तीन हप्ते पोरगी माह्या दारावरून गाडी घेऊन जाये, थांबे नाई. मी ओसरीवर बसून हॉर्नची वाट पाहो. रिटायर मानसाले दुसरं काम काय.

मंग एक दिवस थांबली. गाडीवरूनच म्हने, "उद्या नागपूरले येता का?" मी म्हनलं, कायले? म्हने, "एक डॉक्टरीनबाई पाह्यल्या दाताच्या." मी म्हनलं, कागद? म्हने, "पाह्यले. रजिस्टरमधला नंबर मीच शोधला. फोन करून इचारलं, तुमी सोताच्या हातानं करता का? त म्हने, मीच करते, माह्याकडे दुसरं कोनी नाई. दात घासान का? त म्हने, पह्यले पाहू, घासाची गरज नसन त कायले घासू. अन् बिघडलं त? त म्हने, बिघडलं त मी इथीच हाये, कुठी जाते." मी ऐकून घेतलं. माह्याले विचाराले काई उरलंच नाई. तुमाले सांगतो, आनंद बी झाला अन् टेबल हातचं गेल्यासारखं बी वाटलं.

गेलो नागपूरले. डॉक्टर माधवीबाई, साधी खोली, भिंतीवर एकच दाखला, त्यावर पक्षी-बिक्षी काई नाई. पोरगीले खुर्चीत झोपवलं, वर लाईट, आं करा म्हनलं. पाह्यलं बराच वेळ. म्हने, "दात छान मजबूत आहेत. डाग वरवरचे आहेत. तीन-चार बैठकांत बरेच कमी होतील, उरतील तिथे थोडं भरू. टीव्हीतल्यासारखे नाही होणार, पण तुमचेच राहतील." पोरगीनं मुंडी हालवली. मी बी कोपऱ्यातून हालवली, माह्या मुंडीले कोन विचारते.

अन् तेवढ्यात त्या बाईची नजर माह्यावर. म्हने, "काका, तुमची कवळी बोलताना खाली येते. कोणी बसवली?"

आता तुमच्यापासून काय लपवू. मी बी त्याच गावचा, त्याच बोअरचं पानी पेलेला, माह्ये दात चाळिशीतच गेले. अन् एक डाव चामोर्शीच्या बाजारात गेलो होतो वांगे घ्याले. तिथी चिंचेच्या झाडाखाली एक मानूस बसला होता पोतं अंथरून, पुढं परात, परातीत कवळ्या. लावून पाहा म्हने. पह्यली मोठी झाली, दुसरी टोचली, तिसरी बसली. बारक्या आरशात पाह्यलं, बरं दिसलं, त्यानं आधीच उपटलेले माह्ये उरलेले दोन दात रुमालात बांधून वांग्याच्या पिशवीत टाकले अन् आलो घरी. पंधरा मिनिटाचं काम. नाव विचारलं नाई. कागद मांगतला नाई. ती तिसरी कवळी माह्या आधी कोनी-कोनी लावून पाह्यली होती, ते बी नाई विचारलं.

हे सारं बाईले सांगा लागलं. अन् खुर्चीतून, आं केलेल्या तोंडातून, संघप्रिया म्हने, "मामाजी... सही कोनाची, अन् हात कोनाचा?"

अन् हासली. अशी हासली का खुर्ची हालली, डॉक्टरीनबाईनं हातातलं हत्यार बाजूले ठेवलं. हात तोंडावर गेला नाई. दुपट्टा खाली पडला होता तो उचलला नाई. वर पांढरा लाईट, अन् तिचे सगळे दात, पट्ट्यासकट, असे हासताना मी कितीक वर्षांनी पाह्यले. माह्या मायचे असेच होते. मले बरं वाटलं. लय बरं वाटलं, खोटं कायले बोलू. त्या तुर्कस्तानवाल्यायनं पाच दिवसात केलं असतं ते माह्या गेलेल्या इज्जतीनं पाच मिनिटात केलं.

पन संपलं का तिथी? नाई. बाई म्हने, काका, तुमचीही नवीन करून घेऊ, आधी फॉर्म भरा. भरला. नाव, वय, पत्ता, सगळं टापटीप अक्षरात. अन् पाचव्या नंबरवर रकाना, "यापूर्वीचे उपचार कोणाकडून? नोंदणी क्रमांक लिहावा." एकतीस वर्षं मी रिकाम्या रकान्यायचे अर्ज वापस पाठवले. लोकं पावसात उभे राहून रडले, तरी पाठवले. मी पेन धरून बसलो, पोरगी डोक्यावर उभी राहून पाहे. शेवटी लिवलं, "चामोर्शी, बाजार, चिंचेखाली." अन् खाली सही केली. सही माह्यी, असली. अन् हात कोनाचा होता, ते त्या चिंचेले विचारा.